सरासरीला न सापडलेल्या वामी

एखादा डोंगर दिवसाला २० सेंटीमीटर वाढतो असं कुणी सांगितलं, तर आपण आधी त्याला पाणी देऊ आणि मग आकडा पुन्हा विचारू. आकडा मात्र खरा आहे. दक्षिण प्रशांत महासागरात, अमेरिकन सामोआच्या ताऊ बेटापासून पूर्वेला सुमारे ४५ किलोमीटरवर, वाइलुलुउ नावाचा ज्वालामुखी समुद्राच्या पोटात उभा आहे. पाया जवळपास ५,००० मीटर खोल, माथा पाण्याच्या पृष्ठभागाखाली ५९३ मीटरवर. म्हणजे चार हजार मीटरहून उंच असा पर्वत, आणि डोक्यावरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ताही नसतो. जगाला तो सापडला १९७५ मध्ये. त्याचा नीट नकाशा निघायला १९९९ साल उजाडलं.

या पर्वताच्या माथ्यावर २ किलोमीटर रुंद आणि ४०० मीटर खोल विवर आहे. विवराचा तळ समुद्रसपाटीखाली हजार मीटरवर. २००५ मध्ये संशोधक तिथे पुन्हा गेले, तेव्हा त्या तळावर ३०० मीटर उंचीचा एक नवाकोरा शंकू उभा होता. चार वर्षांपूर्वी तो नव्हता. ३०० मीटर भागिले १,४६० दिवस: दिवसाला वीस सेंटीमीटर. हाही कमीत कमी वेग, कारण डोंगर रोज हजेरी लावून थोडाच वाढतो! काही आठवडे धडाक्यात वाढला असेल, काही महिने नुसता बसून राहिला असेल. भागाकाराला त्याच्याशी देणंघेणं नसतं. सामोआच्या युद्धदेवतेवरून या शंकूला नाफानुआ हे नाव मिळालं.

इतक्या ताज्या, गरम, अस्थिर दगडावर कोण राहायला येणार? पहिल्या वर्षांत जिवाणूंचे थर, फार तर काही कृमी, असाच कुणाचाही अंदाज असता. पायसीझ-५ ही छोटी पाणबुडी नाफानुआच्या माथ्याशी, ७०८ मीटर खोलीवर, पोचली तेव्हा दिव्याच्या उजेडात दिसल्या त्या वामी. खडकाच्या प्रत्येक फटीतून, लाव्हाच्या उशीसारख्या गोळ्यांमधल्या सांदीकोपऱ्यांतून डोकी बाहेर येत होती. एकदोन, दहावीस नव्हे, शेकड्यांनी. संशोधकांनी त्या जागेला ‘ईल सिटी’, म्हणजे वामींचं शहर, असंच म्हणायला सुरुवात केली.

जातीचं शास्त्रीय नाव डायसोमिना रुगोसा. कोकणातल्या बाजारात सुरीखाली वेटोळी पडणारी जाडजूड वाम डोळ्यांपुढे आणू नका. ही तिची लांबची, किरकोळ शरीराची नातेवाईक. पूर्ण वाढ झाली तरी ३७ सेंटीमीटरच्या आसपास. तोंडाच्या टोकावर बारीक घड्या आणि पुटकुळ्या, डोळे लहान, टाळूवर मोजकेच पण दणकट दात. कल्ल्यांच्या फटी गळ्याच्या इतक्या खाली की समोरून पाहिल्यावर गळा चिरल्यासारखा वाटावा. उष्ण कटिबंधातल्या समुद्रांत ही जात सुमारे २६० ते ७७५ मीटर खोलीच्या पट्ट्यात सापडते. १९५१ मध्ये तिचं वर्णन झालं ते अटलांटिकमधल्या नमुन्यांवरून. पुढे ती प्रशांत महासागरातही मिळाली, पण कुठेही, कधीही, अशी वस्ती करून राहिलेली कुणी पाहिली नव्हती. जाळ्यात एखाददुसरी यायची, बाटलीत जायची, बाटलीवर चिठ्ठी लागायची. संग्रहालयातल्या त्या बाटल्या पाहून कुणीही म्हटलं असतं की ही एकलकोंडी, विरळ जात आहे.

सातशे मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ७३ किलोचा दाब असतो. वामीला त्याचं काही नाही. तिच्या अंगातलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांना तोलून धरतं. तिच्यापुढचा खरा प्रश्न दाबाचा नाही, पोटाचा आहे. आणि नाफानुआची गंमत इथेच सुरू होते.

समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांभोवती प्राण्यांची गर्दी असते हे १९७७ पासून माहीत आहे. तिथला हिशेब साधा: झऱ्यातून रसायनं येतात, जिवाणू त्यांवर जगतात, बाकीचे जिवाणूंवर. नाफानुआवर जिवाणूंना तोटा नव्हता. लोहाच्या गंजाचा आणि जिवाणूंचा पिवळट-केशरी गाळ तिथे काही ठिकाणी एक मीटर जाडीचा साठला होता. तेव्हा वामी या गाळावर, निदान गाळ खाणाऱ्या कुणावर तरी जगत असणार, हे उघडच वाटत होतं. पकडलेल्या वामींची पोटं उघडली तर आत निघाली कोळंबी. तीही तळावरची नव्हे, मधल्या पाण्यात तरंगणारी. म्हणजे शहर झऱ्यावर वसलेलं, पण रसद बाहेरून येणारी.

ही रसद कशी पोचते ते पाहण्यासारखं आहे. खुल्या समुद्रात कोळंबीपासून लहान माशांपर्यंत असंख्य जीव रोज रात्री वर येतात आणि पहाटे काही शे मीटर खाली उतरतात. जगातलं हे सर्वांत मोठं स्थलांतर, आणि ते वर्षातून एकदा नाही, दर चोवीस तासांनी होतं. रात्री वर आलेली कोळंबी प्रवाहाबरोबर वाहत पर्वताच्या माथ्यावर येते. पहाटे खाली उतरायला लागते तर खाली समुद्र नाही, डोंगर आहे. शिवाय एकट्या उंच पर्वताभोवती पाण्याचा एक गोल फिरणारा प्रवाह तयार होतो. आत आलेलं सहजी बाहेर जात नाही. वामींनी फटीतून डोकं बाहेर काढून वाट पाहायची, एवढंच. शेकडो चौरस किलोमीटरवर विखुरलेलं अन्न समुद्रच एका माथ्यावर आणून ओततो.

तोच प्रवाह, तेच विवर, आणि माथ्यापासून फक्त अडीचशे-तीनशे मीटर खाली पाहिलं तर चित्र उलटं. शंकूच्या पायथ्याभोवती खंदकासारखा जो भाग आहे, तिथे ९४५ मीटर खोलीवरच्या झऱ्यांतून ८१ अंश सेल्सिअसचं पाणी निघत होतं. त्याचा सामू २.७. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ असतो, आणि सामूचा एक आकडा घसरला की आम्लता दहा पट वाढते. ५.४ आकड्यांची घसरण म्हणजे अडीच लाख पट. त्या पाण्यातून थेंब वर चढत होते, बहुधा द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचे. पाणी इतकं गढूळ की दिव्याचा उजेडही फार पुढे जाईना. तळावर माशांची आणि इतर प्राण्यांची कलेवरं पसरलेली. वर वामींना कोळंबी आणून देणारा प्रवाहच बाकीच्या जिवांना या विषारी पाण्यात ढकलत असावा. या जागेलाही संशोधकांनी नाव दिलं: मृत्यूचा खंदक. तिथे जिवंत सापडले ते आम्ल सोसणारे कृमी, कुजणाऱ्या माशांवरच्या जिवाणूंवर जगणारे.

आता एक प्रयोग कागदावर करा. समजा, वाइलुलुउच्या विवरात तुम्हाला एकच कॅमेरा टाकायची परवानगी आहे. तो माथ्यावर उतरला तर तुमचा अहवाल म्हणेल, हा समुद्रातला सर्वांत गजबजलेला भाग. खंदकात उतरला तर म्हणेल, इथे मासा जगू शकत नाही. दोन्ही अहवाल खरे. आणि दोघांची सरासरी काढली, की ‘माफक वस्ती’ असं काहीतरी निघेल, जे विवरात कुठेच नाही.

खोल समुद्राबद्दलचं आपलं बहुतेक ज्ञान असंच, कुठेतरी टाकलेल्या एका कॅमेऱ्यातून आलेलं आहे. २०० मीटरपेक्षा खोल असलेला समुद्रतळ म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा ६६ टक्के भाग, साधारण ३३.५ कोटी चौरस किलोमीटर. १९५८ पासूनच्या सुमारे ४४,००० बुड्यांच्या नोंदी एकत्र करून २०२५ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला: यातला किती तळ माणसाने प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यातून पाहिला आहे? उत्तर, जास्तीत जास्त ३,८२३ चौरस किलोमीटर. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत हिंडून कुणी सगळ्या पृथ्वीवरच्या जमिनीचं, वाळवंटांचं, हिमालयाचं आणि ॲमेझॉनचं वर्णन लिहायला बसावं, तसा हा प्रकार. खरं तर त्याहून वाईट, कारण खोल तळ जमिनीच्या दुपटीहून मोठा आहे. बरं, हा गोवाही सलग नाही. पाहण्यांपैकी ६५ टक्के अमेरिका, जपान आणि न्यूझीलंड या तीनच देशांच्या किनाऱ्यांपासून २०० सागरी मैलांच्या आत झाल्या आहेत. जिथे पैसा आणि पाणबुड्या, तिथला तळ आपल्याला माहीत.

डायसोमिनाच्या कुटुंबातली आणखी एक वाम म्हणजे इलिओफिस आर्क्स. हिच्या वाट्याला कॅमेऱ्याचं असंच नशीब आलं. हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या प्रशांत महासागरात क्लॅरियन-क्लिपर्टन नावाचा पट्टा आहे, सुमारे ६० लाख चौरस किलोमीटरचा, चार ते साडेपाच हजार मीटर खोल. २०१८ मध्ये हवाई विद्यापीठाच्या मंडळींनी तिथल्या तीन समुद्री पर्वतांवर आणि त्यांच्या भोवतालच्या सपाट तळावर आमिष लावलेले कॅमेरे सोडले. आमिष म्हणजे एक किलो मॅकरेल, आपल्या बांगड्याच्याच घराण्यातला मासा. एका पर्वताच्या माथ्यावर, ३,०८३ मीटर खोलीवर, त्या एक किलोभोवती वामी जमू लागल्या. चौकटीत एका वेळी मोजल्या गेलेल्या: ११५.

वरवर पाहता ११५ हा काही घाम फोडणारा आकडा नाही. किनाऱ्यावर एका रापणीत याच्या शेकडो पट मासळी येते. पण इतक्या खोलीवर एका जागी, एका वेळी इतके मासे त्याआधी जगात कुठेच नोंदले गेले नव्हते. हा आकडा अचंब्याचा का, ते कळायला खालच्या रसदीचा हिशेब पाहावा लागतो. तीन-चार हजार मीटरवर सूर्यप्रकाश शून्य. वनस्पती नाहीत. वरच्या उजेडातल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती जे अन्न तयार करतात, त्याचे मेलेले-कुजलेले कण खाली झरत येतात. दिवसाला शंभरेक मीटर धरले तर तळाशी पोचायला महिना लागतो. वाटेत प्रत्येक थरातले जीव आपला वाटा काढून घेतात. तळाशी पोचतो तो शंभरातला एखाददुसरा भाग. अशा भुकेल्या मुलखात मासे पांगून राहतात, हा नियम पाठ्यपुस्तकात होता. त्यात एक किलो मासा टाकला आणि ११५ वामी हजर! दर वामीच्या वाट्याला पुरते नऊ ग्रॅमही नाहीत.

एवढ्याशा वासावर त्या किती लांबून आल्या असतील, असं वाटणं साहजिक आहे. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा, शून्य. त्याच मोहिमेत भोवतालच्या सपाट तळावर सोडलेल्या कॅमेऱ्यांसमोर ही जात एकदाही आली नाही. माथ्यावर ११५, पायथ्याच्या मैदानात एकही नाही. त्याआधी जगभरच्या संग्रहालयांत या जातीचे दहाही नमुने नव्हते. ‘दुर्मीळ’ म्हणून नोंदलेला मासा दुर्मीळ नव्हताच. माणसं चुकीच्या पत्त्यावर दार वाजवत होती.

या कुटुंबाला पोटासाठी कुठेही जायची लाजही वाटत नाही, हे जाता जाता सांगायला हवं. १९९२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या माँटॉक बंदरात ३९५ किलोचा एक माको शार्क आणला गेला. तपासणीसाठी त्याचं हृदय कापलं तर आत दोन लहान वामी, प्रत्येकी वीसएक सेंटीमीटर लांब. याच कुटुंबातल्या, आखूड तोंडाच्या सिमेन्केलिस जातीच्या. त्यांच्या पोटात शार्कचं रक्त होतं. नेमाने परजीवी म्हणून जगणारी ही जात नाही. एरवी मेलेलं मांस खाते. बहुधा शार्क जखमी असताना कल्ल्यातून आत शिरल्या आणि रक्तवाहिनीच्या वाटेने पुढे सरकत राहिल्या. हे सगळीकडे घडतं असं मुळीच नाही, म्हणूनच नोंद झाली. मला त्यातलं एवढंच लक्षात राहतं की शोधलं होतं एक आणि सापडलं भलतंच.

वामींच्या बाबतीत मोजणाऱ्यांची फजिती जुनी आहे. सगळ्या खऱ्या वामींची पिल्लं सुरुवातीला वामींसारखी दिसतच नाहीत. ती असतात पानासारखी चपटी, काचेसारखी पारदर्शक. अंगाआडून छापील अक्षरं वाचता येतील इतकी. डायसोमिनाच्या कुटुंबातल्या पिल्लांचे डोळे तर दुर्बिणीसारखे नळकांडं होऊन पुढे आलेले असतात. वरच्या पाण्यात महिनोन्‌महिने तरंगायचं, वाहत जायचं आणि मग एके दिवशी रूप पालटून खाली जायचं. ज्या डोंगराला चार वर्षंही झाली नव्हती, त्यावर वामींचं शहर वसू शकलं त्यात या तरंगत्या पिल्लांचा हात असणं सहज शक्य आहे.

तर १९३० च्या जानेवारीत डॅनिश जहाज ‘डाना’ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ होतं. जाळ्यात असंच एक पानासारखं पिल्लू आलं. एरवी ही पिल्लं बोटभर लांबीची असतात. युरोपातल्या वामीचं पिल्लू सातआठ सेंटीमीटरचं, आणि त्यातून पुढे मीटरभर लांबीची वाम होते. जाळ्यातलं हे पिल्लू होतं १८४ सेंटीमीटर! साधं त्रैराशिक मांडलं की मोठेपणी हा प्राणी पंचवीस-तीस मीटरचा होणार. खलाशांच्या गोष्टींतला समुद्रसर्प अखेर सापडला, असं गंभीर शास्त्रज्ञांनाही वाटलं, आणि हे वाटणं चाळीस वर्षं टिकलं. १९७० मध्ये उलगडा झाला. ते पिल्लू खऱ्या वामीचं नव्हतंच, तिच्या एका काटेरी चुलत घराण्यातलं होतं. आणि त्या घराण्यात पिल्लू रूप पालटल्यावर वाढत नाही, उलट आखडतं. त्रैराशिक बिनचूक होतं. ते ज्या गृहीतकावर उभं होतं तेवढंच खोटं होतं.

अशी त्रैराशिकं पुढेही झाली, आणि सगळीच हसण्यासारखी नव्हती. १९९२ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी त्यांच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या खोल तळातून काढलेल्या गाळाचा हिशेब प्रसिद्ध केला. गाळाच्या २३३ पेट्या. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ २१ चौरस मीटर, मध्यम आकाराच्या खोलीएवढं. त्यात ९०,६७७ प्राणी निघाले, ७९८ जातींचे, आणि अर्ध्याहून अधिक जाती विज्ञानाला नव्या. ज्या तळाला आपण वाळवंट म्हणत होतो, त्याचा एक तुकडा हा असा. त्यावरून त्यांनी अंदाज केला की जगाच्या खोल तळावर एक कोटी जाती असाव्यात. रॉबर्ट मे या नामवंत परिस्थितिकीतज्ज्ञाने तीच माहिती घेऊन दुसऱ्या रीतीने गणित मांडलं आणि आकडा पाच लाखांच्या आसपास आणला. एकाच गाळातून निघालेल्या दोन उत्तरांत वीस पटींचा फरक!

मधल्या पाण्यातल्या माशांचंही तेच. २०० ते १,००० मीटर खोलीतल्या माशांचं जगभरातलं एकूण वजन सुमारे १०० कोटी टन, असं १९८० पासून धरलं जात होतं. हा आकडा जाळ्यांवरून काढलेला. पुढे ध्वनिलहरींनी मोजणी झाली आणि २०१४ मध्ये एका स्पॅनिश मोहिमेच्या मंडळींनी सांगितलं की खरं वजन याच्या दहा पट असू शकेल. मग आधीच्या जाळ्यांत ते मासे का नव्हते? जाळं येताना त्यांना कळतं आणि ते बाजूला होतात. हे खरं असेल, तर नऊशे कोटी टन मासे जाळ्याला वाट देऊन उभे होते आणि आपण जाळ्यात आलेल्यांची मोजदाद करून समुद्राचं वजन सांगत होतो.

एरवी या सगळ्या गमतीजमती म्हणून सोडून देता आल्या असत्या. पण इलिओफिसच्या वामी जिथे सापडल्या, तो क्लॅरियन-क्लिपर्टन पट्टा आज खाणकंपन्यांच्या नकाशावर सर्वांत वर आहे. तिथल्या तळावर बटाट्याएवढ्या गोळ्यांचा सडा पडलेला आहे. मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट असलेले हे गोळे. अंदाजे २,१०० कोटी टन. शार्कचा दात किंवा शंखाचा कण यांसारख्या एखाद्या बारीक वस्तूभोवती पाण्यातली धातुद्रव्यं थरांवर थर चढवत जातात. वेग? दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. सढळ हाताने १० मिलिमीटर धरले, तरी नाफानुआनं जी उंची एका दिवसात गाठली, तेवढी जाडी व्हायला अशा गोळ्याला दोन कोटी वर्षं लागतील. एकाच महासागराच्या तळावर ही दोन घड्याळं चालू आहेत.

हे गोळे भारताला परके नाहीत. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ या जहाजावरून २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागरातून पहिला गोळा वर काढला. त्याच कामाच्या बळावर १९८७ मध्ये भारताला या क्षेत्रातला ‘अग्रणी गुंतवणूकदार’ असा दर्जा मिळाला. मध्य हिंदी महासागरात आज आपल्या वाट्याचं ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, अंदाजे ३८ कोटी टन गोळ्यांचं. पाच-सहा हजार मीटर खोल अंधारातल्या त्या तळाची जितकी माहिती मराठी वाचकाला शेअर बाजाराच्या बातम्यांतून मिळते, त्याच्या शतांशानेही तिथल्या प्राण्यांची मिळत नाही, ही माझी तक्रार.

क्लॅरियन-क्लिपर्टनमधल्या प्राण्यांची एक यादी मात्र २०२३ मध्ये तयार झाली. आजवरचे सगळे नमुने चाळून निघालेल्या जाती ५,५७८. त्यातल्या सुमारे ९२ टक्के जातींना अजून नावच नाही. आणि दुसरीकडे, सुमारे १२ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचे शोधपरवाने दिले गेलेले आहेत.

गोळे असतात सपाट तळावर, वामी होत्या डोंगरमाथ्यावर. तेव्हा खाण झाली तरी वामींचं काय बिघडणार, असा युक्तिवाद करता येईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. अडचण गाळाची आहे. यंत्र गोळे उचलताना तळावरचा बारीक गाळ उडतो, वर जहाजातून धुऊन पुन्हा समुद्रात सोडलेल्या पाण्यातही तोच गाळ असतो, आणि तो किती दूर, किती उंच, किती दिवस तरंगत राहील ते प्रवाहांवर ठरतं. पर्वतमाथ्यावर अन्न गोळा करणारे प्रवाह गाळ आणि अन्न यांत निवड करत नाहीत.

आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणानं २०१२ मध्ये या पट्ट्यात नऊ राखीव चौकोन आखले, जिथे खाणीला बंदी आहे. प्रत्येक चौकोन ४०० किलोमीटर बाय ४०० किलोमीटर, म्हणजे १,६०,००० चौरस किलोमीटरचा. २०२१ मध्ये आणखी चार वाढले. २०१८ च्या मोहिमेचे तिन्ही पर्वत पश्चिमेकडच्या राखीव चौकोनांतच येतात. चौकोन आखले तेव्हा त्यांतल्या बहुतेक तळावर एकही कॅमेरा उतरलेला नव्हता. अन्न किती झरतं, गोळे किती दाट असावेत, पर्वत किती, अशा उपग्रहांवरून आणि नकाशांवरून काढलेल्या अंदाजांवर सीमा ठरल्या. आतले प्राणी बाहेरच्या परवाना-क्षेत्रांतल्या प्राण्यांसारखेच आहेत का, हे पाहायला मोहिमा निघाल्या त्या नंतर. बाहेर खाण होऊन जे नाहीसं होईल त्याची भरपाई या चौकोनांतून व्हावी अशी योजना आहे, आणि पहिल्याच तपासण्यांत दिसलं की चौकोनाच्या आतही माथा आणि मैदान यांची रहिवासी-यादी एकमेकींशी जुळत नाही.